तीनशे खुब्यांचा धडा

खुब्याचा सांधा बदलून घेतलेली व्यक्ती आज नात्यागोत्यात, शेजारीपाजारी सहज सापडते. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच वॉकर धरून चार पावले, काही आठवडे काठी आणि मग पुन्हा भाजीबाजार, देवळाच्या पायऱ्या, नातवंडांमागची धावपळ. रुग्ण चालत घरी गेला की शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे घरचे मानतात. पण तीन, दहा किंवा पंचवीस वर्षांनी त्या सांध्याचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. सांधेरोपणाच्या शास्त्रात हा प्रश्न मध्यभागी आणून ठेवण्याचे मोठे श्रेय सर जॉन चार्न्ली या ब्रिटिश शल्यचिकित्सकाला जाते. त्याचे मोल त्यांना आधीपासून पुरते कळलेले होते असे नाही. ते कळण्यासाठी सुमारे तीनशे रुग्णांना पुन्हा वेदनेतून जावे लागले.

चार्न्ली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील लँकेशायरच्या बरी या गावी झाला. मुंबईच्या कापड गिरण्यांना यंत्रे पुरवणारा हाच तो मुलूख. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. मँचेस्टर विद्यापीठातून १९३५ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविशीत, रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिप मिळवली. दुसरे महायुद्ध सुरू होताच ते लष्कराच्या वैद्यकीय दलात गेले. डंकर्कच्या माघारीत ते होते. पुढे इजिप्तमध्ये असताना जखमी सैनिकांसाठी आधारपट्ट्या आणि उपकरणे बनवणाऱ्या कार्यशाळेत त्यांनी काम केले. डॉक्टर असूनही लेथ, ड्रिल आणि फिटरच्या सहवासात रमण्याची त्यांची सवय इथे पक्की झाली.

युद्धानंतर १९४६ मध्ये ते ऑस्वेस्ट्री येथील अस्थिरोग रुग्णालयात काही महिने होते. हाडाचा कलम जिवंत कसा राहतो, या प्रश्नाने त्यांना तेव्हा पछाडले होते. उत्तर शोधण्यासाठी त्यांनी सहकाऱ्याकडून स्वतःच्याच नडगीच्या हाडावर कलमाची शस्त्रक्रिया करून घेतली. तिथे जंतुसंसर्ग झाला आणि हा हट्ट त्यांना बराच महागात पडला. आधी स्वतःवर प्रयोग करून पाहण्याचा हा स्वभाव पुढे एकदा फार मोलाच्या कामी आला.

१९४७ मध्ये ते मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीत सल्लागार झाले. १९५० मध्ये त्यांचे अस्थिभंगावरचे पुस्तक आले. त्याचा विषय होता हाड न उघडता, केवळ हातांनी जुळवून आणि प्लास्टर घालून करायचे उपचार. प्रत्येक गोष्टीवर सुरी चालवण्याच्या ते विरोधात होते. त्यामुळे पुढे ज्यांच्या नावाने एक मोठी शस्त्रक्रिया जगभर गेली, ते चार्न्ली मुळात शस्त्रक्रिया टाळता येईल का हे आधी पाहणारे डॉक्टर होते.

कुरकुरणारा खुबा

खुबा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतो. दोन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. संधिवाताने किंवा झिजेने तो थर गेला की हाडावर हाड घासते. बसताना वेदना, उठताना वेदना, रात्री कूस बदलतानाही वेदना. पन्नासच्या दशकात अशा रुग्णासमोर फारसे पर्याय नव्हते. सांधा कायमचा जखडून टाकणे हा त्यांतला एक. वेदना थांबे, पण पाय आखडे. कृत्रिम सांध्याचे प्रयत्न आधीही झाले होते. फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्ये लंडनमध्ये धातूचा सांधा बसवून पाहिला होता. पॅरिसमध्ये ज्युडे बंधूंनी अॅक्रिलिकचा माथा बसवायला सुरुवात केली होती. सुरुवातीला रुग्ण खूश असत, पण वर्षा-दोन वर्षांत हे माथे सैल होत किंवा मोडत.

असाच अॅक्रिलिकचा माथा बसवलेला एक रुग्ण चार्न्ली यांच्याकडे आला. त्याची तक्रार विचित्र होती. त्याचा खुबा कुरकुरत असे. तो पुढे वाकला की असा काही आवाज येई, की त्याची बायको खोलीतून उठून जाई, असे सांगतात. दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेले असते. चार्न्ली यांनी ते यांत्रिकाच्या कानाने ऐकले. आवाज आहे म्हणजे घर्षण आहे, आणि घर्षण आहे म्हणजे प्रत्येक पावलागणिक कृत्रिम माथा हाडातून उपटण्याचा प्रयत्न होतो आहे. सांधा सैल का होतो, याचे उत्तर त्या कुरकुरीत होते.

मग त्यांनी प्राण्यांच्या सांध्यांवर घर्षणाचे प्रयोग केले. निरोगी सांधा बर्फावर घसरणाऱ्या बर्फाहूनही निसरडा असतो, असे त्यांना दिसले. मात्र सांध्यातला नैसर्गिक द्राव कूर्चेला जसा निसरडा करतो, तसा धातूला किंवा प्लास्टिकला करत नाही. म्हणजे कृत्रिम सांध्याला वंगणाची गरजच भासू नये, असा पदार्थ शोधणे भाग होते.

त्यातून तीन गोष्टी ठरल्या. पहिली, वाटी जात्याच निसरड्या प्लास्टिकची हवी आणि माथा गुळगुळीत पोलादाचा. दुसरी, माथा लहान हवा. बैलगाडीच्या चाकाचा आस बारीक असेल तर चाक हलके फिरते, तसेच हे गणित आहे. माथा जितका लहान, तितका घर्षणाने वाटीला पडणारा पीळ कमी. अखेरीस त्यांनी माथ्याचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर ठरवला. नैसर्गिक माथा याच्या जवळपास दुप्पट असतो. तिसरी गोष्ट म्हणजे सिमेंट. मँचेस्टरमधील दंतवैद्यकाचे संशोधक डेनिस स्मिथ यांच्या मदतीने त्यांनी दातांच्या कामातले अॅक्रिलिक हाडात वापरायला १९५८ मध्ये सुरुवात केली. हा डिंक नव्हता. भिंतीतल्या फटी सिमेंटने भराव्यात तसे ते हाड आणि धातू यांच्यातली प्रत्येक पोकळी भरून काढी आणि भार सारखा वाटून देई.

तीन वर्षांचा आनंद

निसरडा पदार्थ म्हणून त्यांनी टेफ्लॉन निवडले. आज न चिकटणाऱ्या तव्यांमुळे घरोघरी पोचलेले हेच ते टेफ्लॉन. लँकेशायरमध्येच विगनजवळ राइटिंग्टन येथे क्षयरोग्यांचे रुग्णालय होते. क्षयाची औषधे आल्याने तिथल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या होत्या. चार्न्ली यांनी तिथे खुब्याच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र केंद्र उभारले, सोबत प्रयोगशाळा आणि कार्यशाळाही. सांधे तिथेच घडवले जात आणि तिथेच बसवले जात.

निकाल थक्क करणारे होते. वर्षानुवर्षे रात्रीची झोप न मिळालेली माणसे शस्त्रक्रियेनंतर शांत झोपू लागली. कुबड्या टाकून चालू लागली. १९६१ मध्ये चार्न्ली यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात या नव्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिले. सुमारे तीनशे रुग्णांमध्ये टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या गेल्या.

मग ते रुग्ण परत येऊ लागले. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजत होते. पोलादी माथा वाटीला पोखरत आत शिरत होता. झीज हा तर अर्धाच प्रश्न होता. झिजून सुटलेले बारीक कण आसपासच्या ऊतींमध्ये साठत. शरीर त्यांना परके समजून त्यांच्याशी झुंज देई, गाठी होत आणि त्या धुमश्चक्रीत सांध्याभोवतीचे हाडच खाल्ले जाई. म्हणजे रुग्ण नुसता पूर्वपदावर येत नव्हता, तर पूर्वीपेक्षा वाईट स्थितीत जात होता. ज्या हाडावर दुसरा सांधा बसवायचा, तेच उरत नव्हते.

यातले गांभीर्य असे, की चार्न्ली यांनी हलगर्जीपणा केला नव्हता. घर्षण मोजले होते, शस्त्रक्रिया निगुतीने केली होती, रुग्णही समाधानी होते. चूक एकाच ठिकाणी होती. निसरडे असणे आणि टिकाऊ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचे उत्तर काळाखेरीज कोणी देत नाही. पहिल्या वर्षाचा आनंद हा त्या उत्तराचा भाग नव्हता.

अशा वेळी विषय बदलणे, जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे किंवा रुग्णाच्या वयाला दोष देणे सोपे होते. चार्न्ली यांनी टेफ्लॉन फसल्याचे उघड केले. बिघडलेले सांधे काढण्याचे किचकट काम त्यांनी हाती घेतले. प्रत्येक काढलेली वाटी मोजली, जपून ठेवली, तिच्यावर किती वर्षांत किती झीज झाली हे नोंदवले. लहान माथ्याने वाटीची झीज कमी होते, हे त्यांना या फसलेल्या वाट्यांनीच दाखवून दिले.

मागाच्या दातेरी चाकातून

पुढचे वळण डॉक्टरांमुळे आले नाही. राइटिंग्टनच्या कार्यशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचे तंत्रज्ञ होते. झीज मोजणारे यंत्र त्यांनी चालवले होते. मे १९६२ मध्ये एक विक्रेता त्यांच्याकडे एका नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. उच्च रेणूभाराचे हे पॉलिएथिलीन लँकेशायरच्या कापड गिरण्यांत, मागाच्या दातेरी चाकांसाठी वापरले जात होते. क्रेव्हन यांनी तो तुकडा चार्न्ली यांना दाखवला. त्यांनी त्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले आणि यात वेळ घालवण्यात अर्थ नाही, असा निर्वाळा देऊन ते निघून गेले.

क्रेव्हन यांनी तरीही तो यंत्राला लावला. चार्न्ली एका परिषदेसाठी परदेशी होते, तेव्हा यंत्र रात्रंदिवस चालू राहिले. ते परतले तेव्हा आकडे त्यांची वाट पाहत होते. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, तितकेही हे प्लास्टिक तीन आठवड्यांत झिजले नव्हते. आपला निर्वाळा चुकला होता, हे चार्न्ली यांनी यंत्रासमोर उभे राहून मान्य केले.

पण टेफ्लॉनने त्यांना एक गोष्ट शिकवली होती. यंत्रावरचा निकाल शरीरात तसाच लागेल असे नाही. त्यांनी टेफ्लॉन आणि पॉलिएथिलीन या दोन्हींचे बारीक कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी झाल्या होत्या. पॉलिएथिलीनची जागा शोधूनही सापडत नव्हती. हा निष्कर्ष त्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. दरम्यान, नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिएथिलीनची पहिली वाटी रुग्णाला बसवली गेली होती.

यावेळी जगाला सांगण्याची घाई झाली नाही. हा सांधा लीड्सची थॅकरे ही कंपनी बनवू लागली, पण तो कोणालाही विकायचा नाही, अशी चार्न्ली यांची अट होती. ज्या शल्यचिकित्सकाला तो हवा, त्याने आधी राइटिंग्टनला येऊन पद्धत शिकायची. ही अट अनेक वर्षे पाळली गेली. सुरुवातीला शस्त्रक्रियाही मुख्यतः वयस्क आणि अगदी अपंग झालेल्या रुग्णांपुरती मर्यादित ठेवली गेली. सांधा किती टिकेल हे कळल्याशिवाय तरुण माणसाला तो देणे त्यांना धोक्याचे वाटे.

मृत्यूनंतरही पाठपुरावा

रुग्णांना तपासणीसाठी वर्षानुवर्षे परत बोलावणे हा राइटिंग्टनचा शिरस्ता झाला. वेदना, चालणे आणि सांध्याची हालचाल या तिन्हींना वेगवेगळे गुण देण्याची फ्रान्समध्ये तयार झालेली पद्धत चार्न्ली यांनी सुधारून घेतली. रुग्णांचे त्यांनी तीन गट केले. एकच खुबा बिघडलेले, दोन्ही बिघडलेले आणि हृदयविकार किंवा सर्वांगाच्या संधिवातामुळे तसेही चालू न शकणारे. वरवर साध्या वाटणाऱ्या या वर्गवारीमागे सरळ न्याय होता. दम लागल्यामुळे न चालणाऱ्याचे अपयश सांध्याच्या माथी मारायचे नाही, आणि धडधाकट माणसाच्या चालण्याचे सगळे श्रेय सांध्याला द्यायचे नाही. ही वर्गवारी आजही संशोधनात वापरली जाते.

त्याही पुढे जाऊन त्यांनी रुग्णांना एक विनंती केली. मृत्यूनंतर तो खुबा तपासणीसाठी परत मिळावा. अनेकांनी आनंदाने होकार दिला. सांध्याने दिलेल्या चालत्या वर्षांची ती परतफेड होती. त्या खुब्यांतून सिमेंट आणि हाड एकमेकांशी कसे जुळवून घेतात, वाटी खरोखर किती झिजते, हे प्रथमच डोळ्यांनी पाहता आले.

दुसरा शत्रू होता जंतुसंसर्ग. खोलवर गेलेला संसर्ग म्हणजे बहुधा सांधा काढून टाकणे. सुरुवातीच्या काळात दर शंभरांतल्या सुमारे सात रुग्णांना तो होत असे. शस्त्रक्रियागृहातील हवेतून आणि डॉक्टरांच्या अंगावरून जंतू येतात, असा चार्न्ली यांचा तर्क होता. हवा गाळणारी यंत्रे बनवणारे उद्योजक हॉवर्थ यांच्या मदतीने त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती काचेच्या खोलीसारखी बंदिस्त जागा उभारली. वरून सतत गाळलेली हवा खाली येई. शल्यचिकित्सक अंगभर झगा आणि शिरोवेष्टन घालत आणि त्यांचा उच्छ्वास नळीने बाहेर खेचला जाई. पाहणाऱ्याला ते अंतराळवीर वाटत. संसर्गाचे प्रमाण अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरल्याचे त्यांनी १९७२ मध्ये मांडले.

टीकाकारांचा आक्षेप रास्त होता. या वर्षांत हवेबरोबर इतरही अनेक गोष्टी बदलल्या होत्या. मग ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढाकार घेऊन आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची तुलनात्मक चाचणी केली. अतिशुद्ध हवेत संसर्ग निम्म्याहून कमी होतो, असा तिचा निष्कर्ष जुलै १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच महिन्यात, ५ ऑगस्ट १९८२ रोजी, चार्न्ली यांचे निधन झाले. तोवर लास्कर पुरस्कार, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९७७ मध्ये सर हा किताब त्यांच्याकडे आला होता.

मोजणे थांबले की

चार्न्ली यांचे सगळेच टिकले असे नाही. सांध्यापर्यंत पोचण्यासाठी मांडीच्या हाडाचा उंचवटा कापण्याची त्यांची पद्धत बहुतेकांनी सोडली. माथे मोठे झाले, पॉलिएथिलीन अधिक टिकाऊ झाले. अतिशुद्ध हवेचा प्रश्नही पुन्हा उघडला. शस्त्रक्रियेआधी प्रतिजैविके देण्याच्या आजच्या काळात त्या हवेचा वेगळा फायदा दिसत नाही, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केवळ त्यासाठी ती यंत्रणा वापरू नये, असे सुचवले. ज्या माणसाने स्वतःच्या तीनशे शस्त्रक्रियांचा निकाल फिरवला, त्याच्या वारशाला हे साजेसेच आहे.

मूळ सांधा मात्र कसोटीला उतरला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने बसवलेल्या दोन हजार चार्न्ली सांध्यांचा २५ वर्षांनी हिशेब मांडला गेला. त्यातले सुमारे ८१ टक्के सांधे बदलावे लागले नव्हते. अनेक प्रकारचे सांधे एकत्र धरून २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या पाहणीत २५ वर्षे टिकणाऱ्या खुब्यांचे प्रमाण सुमारे ५८ टक्के निघाले. असे आकडे काढता येतात, कारण स्वीडनने १९७९ पासून आणि नंतर ऑस्ट्रेलिया, इंग्लंड यांसारख्या देशांनी प्रत्येक रोपणाची राष्ट्रीय नोंदवही ठेवली.

या नोंदवह्यांनीच पुढे एका मोठ्या चुकीचा सुगावा लावला. धातूवर धातू घासणारा एक नवा खुबा शतकाच्या सुरुवातीला मोठ्या अपेक्षेने बाजारात आला होता. त्यातून सुटणारे धातूचे कण ऊतींची हानी करत होते. टेफ्लॉनचीच कहाणी नव्या रूपात परतली होती. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनच्या आकड्यांत तो लवकर निकामी होताना दिसला आणि २०१० मध्ये जगभरातून परत घेतला गेला. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारने नेमलेल्या समितीच्या चौकशीत पुढे आले. त्यांतल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणा लागत नव्हता. सांधा बदलून ते चालत घरी गेले होते आणि त्यापुढे कुणीही त्यांची नोंद ठेवली नव्हती.

राइटिंग्टनच्या त्या तीनशे रुग्णांनी दुसऱ्यांदा वेदना सोसली, पण त्यांचे नाव, त्यांची तारीख आणि त्यांच्या वाटीची झीज कुठेतरी लिहिलेली होती. म्हणूनच त्यांच्यानंतरच्या लाखोंना टिकाऊ सांधा मिळाला. आज सांधा बदलून घेणाऱ्याने बसवलेल्या सांध्याचे नाव, त्याचा क्रमांक आणि शस्त्रक्रियेची तारीख कागदावर मागून घ्यावी, ती फाइल जपावी आणि काही दुखत नसले तरी सांगितलेल्या वर्षी एक्स-रे काढून यावा. सैल होणारा सांधा सुरुवातीला अनेकदा काहीच बोलत नाही. चार्न्ली यांच्याकडे आलेल्या त्या रुग्णाचा खुबा निदान कुरकुरत तरी होता.